आजीला विचारलें तेव्हां

शहागडास गोदातीरीं आमच्या आप्तांचें घर आहे. दिवाळींत चार पिढ्यांचीं अकरा माणसें तेथें जमलों, कीं एक दिवस बाहेर जाण्याचा बेत ठरतो. आणि कोठें जावयाचें, यावरून वादहि ठरलेलाच! मुलांना पैठणचा नाथसागर पाहावयाचा असतो. काकांना नदीपलीकडील राक्षसभुवन हवें असतें; १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो तेथेंच.

गतवर्षीं बहुमतानें पैठण ठरलें. नाथांची समाधि, बाजार, धरण, सर्व एका दिवसांत उरकलें. ब्याऐंशी वर्षांची आजी मात्र धरणाशीं मोटारींतच बसून राहिली. "तुम्ही या पाहून, मला कांहीं हौस नाहीं," असें ती म्हणाली, आणि तें आम्हांस खरें वाटलें!

यंदां आम्हीं प्रथम तिलाच विचारलें. तिनें समर्थांचें जन्मस्थान जांब सांगितलें. घरचे डबे घेऊन सावकाश निघालों. एकच स्थळ पाहिलें. देवळाच्या सावलींत बसून, ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच बोहल्यावरून पळालेल्या नारायणाची कथा तिनें सांगितली. आणि धरणासाठीं रुसलेलीं मुलें हळूहळू तिच्याभोंवतीं सरकलीं.

परततांना ती म्हणाली, "पुढच्या खेपेस मुलांचें धरण हो!"

मुलांना पुढची खेप आहेच. आजीची कोणी सांगावी? मतें मोजणें सोपें असतें. परंतु पुन्हां येण्याचा भरंवसा ज्यास सर्वांत थोडा, त्यास प्रथम विचारावें, एवढें आम्ही यंदां शिकलों.