पुसण्यासाठीच काढलेली रांगोळी

नवरात्रात करवीरनिवासिनी अंबाबाईची पूजा रोज निराळ्या रूपात बांधली जाते. कोल्हापूरकर वाचकांना हे सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. श्रीपूजक मंडळी तासन्‌तास खपून वस्त्रे, अलंकार आणि फुले यांतून देवीचे एक रूप साकारतात, भाविक ते डोळ्यांत साठवतात, आणि पुढच्या दिवशी ती पूजा उतरवून नवी बांधली जाते. त्याबद्दल कोणी हळहळत नाही. आपल्या दारातल्या रांगोळीचे आणि पार्थिव गणपतीचेही तसेच आहे. प्राणप्रतिष्ठेआधी ती माती असते, उत्तरपूजेनंतर ती पुन्हा मातीच होते. जी जपून ठेवायची नाही, जिच्यावर सही करायची नाही, अशी कला आपल्या पूर्वजांनी रोजच्या उपासनेत बसवून दिली.

ब्रह्मसूत्रांत सृष्टिनिर्मितीला ‘लीला’ म्हटले आहे. ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही तो निर्माण तरी कशासाठी करील, या शंकेला तिथे दिलेले उत्तर म्हणजे खेळ. मी वेदान्ताचा अभ्यासक नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु वयाच्या सत्तरीनंतर माणसाच्या हातून हा खेळच सर्वांत आधी सुटतो, हे दवाखान्यात बसून मी पाहत आलो आहे. औषधे वेळेवर घेतली जातात, साखर तपासली जाते, फिरणेही होते. पण दिवसभरात जे काही घडते ते सारे ‘कशासाठी तरी’ असते.

त्यात आमचे हे शहर कलानगरी. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावे इथे घरोघरी आदराने घेतली जातात. त्याचा एक दुष्परिणाम मला जाणवतो (चित्रकार मित्र रागावतील, रागावोत बापडे): चार रेघा ओढायला सांगितल्या, की सामान्य माणूस आधी क्षमा मागतो. “छे, मला कुठली चित्रकला येते!” खरे पाहता बाबूराव पेंटरही कोणत्या कलाशाळेत शिकलेले नव्हते. ते असो.

एक निवृत्त शिक्षक पत्नीची शुश्रूषा करीत आहेत. पक्षाघातानंतर काकूंचा उजवा हात दुबळा राहिला. सरांनी मोठ्या जिद्दीने त्यांना रांगोळीस बसवले, व्यायाम म्हणून. रोज ठिपके मोजून द्यायचे, चुकलेली रेघ स्वतः पुसून सरळ करायची. तीन आठवड्यांनी काकूंनी बसणेच सोडले. एवढेच नव्हे, सकाळी अंथरुणातून उठायलाही त्या नकार देऊ लागल्या.

“सर, तुम्ही स्वतः काढता का रांगोळी?” मी विचारले.

“मी? छे हो डॉक्टर, आयुष्यात कधी नाही.”

मी त्यांना एवढेच सुचवले, की काकूंची रेघ सरळ करू नका. शेजारी एक पाट घ्या आणि त्यावर तुमची स्वतःची काढा. महिनाभराने ते रक्तदाब तपासायला आले तेव्हा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “कालच्या माझ्या कमळाला ही वांगं म्हणाली.” काकू शेजारी बसून हसत होत्या. त्यांच्या हाताची पकड मी तपासली. ती फारशी सुधारलेली नव्हती. फिजिओथेरपी अजून चालू आहे आणि ती चालू राहायलाच हवी. सकाळी उठण्याचा नकार मात्र थांबला आहे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे. वृद्धाची कृती आपण सुधारू लागलो की खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. “वा, किती छान!” असे लहान मुलासारखे कौतुकही नको, तोही गुण देण्याचाच प्रकार आहे. शेजारी बसून आपलीही वाकडीतिकडी काढावी. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे मनसोक्त चित्रे, कोलाज, मातीकाम केले. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी उतरली, आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. एवढ्या लहान अभ्यासावर मोठे इमले बांधू नयेत. पण ‘मला येत नाही’ या सबबीला तो पुरेसे उत्तर आहे. विसरभोळेपणाच्या आजारात नावे आणि तारखा पुसल्या गेल्या तरी हाताला जडलेली सवय पुष्कळदा बराच काळ टिकते, हेही ध्यानात ठेवावे.

आता थोडे डॉक्टरी बोलतो. उंबऱ्यापाशी उकिडवे बसू नये. गुडघ्यांपेक्षा मला धास्ती वाटते ती झटकन उठताना रक्तदाब उतरून येणाऱ्या भोवळीची. टेबलावर पाट किंवा परात ठेवून खुर्चीत बसावे, डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने काढावे. दमेकऱ्यांनी कोरडी भुकटी टाळून फुलांच्या पाकळ्या किंवा धान्य घ्यावे. भान हरपलेली व्यक्ती वस्तू तोंडात घालत असेल, तर तांदळाचे पीठ बरे. पाकळ्या-दाणे देऊ नयेत. बोटे थरथरत असतील तर चिमटीऐवजी मूठ वापरावी, रेघ जाड येईल इतकेच.

संध्याकाळी ती ज्याची त्याने पुसावी. दुसऱ्याने गुपचूप पुसू नये, फोटो काढून नातेवाइकांना पाठवण्याची घाईही नको. एका आजोबांना पुसण्याचाच भाग अधिक आवडतो. ते ओल्या फडक्याने कोपऱ्यातून सुरुवात करून मधला ठिपका शेवटी ठेवतात. तो का ठेवता, असे मी विचारले, तर म्हणाले, “असंच.”

भाद्रपद जवळ आला, की शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभारवाड्यातून शाडूचा एक गोळा आणावा. वीतभर मूर्ती नको, मुठीएवढी पुरे. सोंड गळून पडली तर पुन्हा चिकटवावी, पुन्हा पडली तर तशीच राहू द्यावी. पूजा झाल्यावर घरच्याच बादलीत विसर्जन करून पाणी तुळशीला घालता येते. माती तळाशी बसते, आणि सुकवून ठेवली तर पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते.