तुपाची बरणी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात चिनी मातीची एक बरणी आहे. तिच्यातलं तूप घरात कुणी खात नाही. मार्गशीर्ष लागला की काकी जुनं तूप देवाच्या दिव्यासाठी काढून घेते, बरणी धुऊन उन्हात वाळवते आणि ताजं कढवलेलं तूप तिच्यात भरते. हे तूप माझ्या काकाचं आहे. काका 1971 च्या डिसेंबरात गेला, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठावर. पलीकडे महाराष्ट्र. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून तिकडे गेले, आमचा पट्टा आंध्रात राहिला. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि सरकारी कागद इंग्रजीत, अशी आमची रीत. तार आली त्या दिवशी घरात कापसाच्या राशी पडल्या होत्या आणि आम्ही पोरं त्यांच्यावर लोळत होतो. तार इंग्रजीत होती. टपालवाल्यानं ती वाचली, त्यातल्या ‘मिसिंग’ या शब्दापाशी थांबला आणि आबांना तेलुगूत म्हणाला, “तप्पिपोयाडु.” आबांनी घरात येऊन आजीला मराठीत सांगितलं, “पोरगं चुकलं म्हणते.”

आमच्याकडे चुकतं ते जनावर. गोऱ्हा चुकतो, गाय चुकते आणि दिवेलागणीला आपल्या पायानं गोठ्यात येऊन उभी राहते. आजी रडली नाही. एवढंच म्हणाली, “चुकलं ना? मंग येईन.”

काका नौदलात होता. त्याची बोट आयएनएस खुकरी. 9 डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीनं तिच्यावर पाणतीर सोडला आणि काही मिनिटांत बोट तळाला गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि ते बोटीवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वाचलेल्या 67 जणांना दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या बोटीनं पाण्यातून काढलं. काकाचं काम खाली, यंत्रांपाशी. हे सगळं मला पुढे वाचून कळलं. त्या वेळी घरात फक्त तार होती, आणि काही महिन्यांनी आलेलं ‘मृत समजण्यात येत आहे’ असं सांगणारं पत्र.

आजीनं त्यातलं ‘समजण्यात’ तेवढं धरलं. “समजते थे लोक. पाह्यलं कोणी?” काका भर पुरात पैनगंगा पार करायचा, पलीकडच्या काठाला शिवून परत यायचा. “पाण्यात जाणारं पोरगं नोहे थे,” असं ती येईल त्याला सांगायची. काकीच्या लग्नाला तेव्हा दहा महिने झाले होते. गावातल्या दोघीतिघी बायका रीत म्हणून तिच्या बांगड्यांसाठी आल्या, त्यांना आजीनं ओसरीवरूनच परत पाठवलं. 1972 च्या डिसेंबरात युद्धकैदी वाघ्यावरून परत आले तेव्हा आजी आणि काकी शेजारच्या रेडिओपाशी रोज बसायच्या. बोटीवरचा माणूस कैद कसा होईल, हे त्यांना विचारायला कुणाची जीभ रेटली नाही.

बारा वर्षं अशी गेली. आबा थकले. आपल्यामागे या पोराचं काही राहू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. पलीकडच्या काठावरचे एक गुरुजी आले. ज्याचा देह मिळत नाही, त्याचा बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी करतात, असं त्यांनी सांगितलं. पळसाच्या पानांच्या 360 देठांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. आजी उठून आत गेली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना पुन्हा बोलावणं धाडलं आणि दाराआडून विचारलं, “हे सारं केलं, आन् मंग थो आला तं?”

गुरुजी वयस्कर होते, घाईत उत्तर देणारे नव्हते. ते म्हणाले, “माय, शास्त्रानं त्याचाही विचार केला आहे. असा माणूस परत आला तर त्याला तुपानं भरलेल्या कुंभात बुडवून काढतात. न्हाऊ घालतात. नव्यानं जन्मलेल्या लेकरासारखं त्याचं जातकर्म करतात, नाव ठेवतात. बायकोशी पुन्हा लग्न लावतात.”

“म्हंजे दार लावून नाही घेत तुमी?”

“नाही, माय.”

“मंग करा.”

पळसाची पानं आमच्या हाताखालची. दर लग्नसराईत काकी त्याच पानांच्या पत्रावळी लावायची. 1983 च्या डिसेंबरात मी नाल्याकाठच्या पळसांची पानं तोडून आणली. ओसरीवर बसून काकी देठ खुडत होती आणि मी दहा-दहाच्या जुड्या बांधत होतो. तीन पानांना एक देठ. जुन्या लोकांच्या हिशोबात माणसाची हाडं 360, म्हणून देठही तेवढेच. डोक्याला 40, मानेला 10, दोन हातांना मिळून 100. हाताच्या जुड्या मी वेगळ्या ठेवल्या, तेव्हा काकीनं त्यातली एक उचलली, तळहातावर थोडा वेळ धरली आणि परत जागेवर ठेवली. सगळे मोजून झाल्यावर एक देठ कमी भरला. तो तिनं स्वतः जाऊन आणला.

बाबांनी पैनगंगेच्या वाळूत अग्नी दिला. ओल्या देठांचा धूर पाण्यावरून पलीकडे गेला. त्या रात्री आजी बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सकाळी उठून तिनं लोणी कढवलं आणि कोनाड्यातली बरणी तुपानं भरली. कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून पितृपक्षात काकाचं पान घातचतुर्दशीला, शस्त्रानं गेलेल्यांच्या तिथीला वाढलं जातं आणि बरणीही भरलेली असते. या दोन्हींत विरोध आहे असं आजीला कधी वाटलं नाही.

1989 मध्ये मुंबईला नौदलानं नव्या युद्धनौकेला ‘खुकरी’ हेच नाव दिलं. त्या सोहळ्याला कप्तान मुल्लांच्या पत्नी हजर होत्या. मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आजी काकीला म्हणाली, “पाह्य, बोटीचं बारसं झालं.” दोन वर्षांनी आजी गेली आणि बरणी काकीकडे आली.

पुढे 2007 साली दमयंती तांबे यांच्याबद्दल वाचलं. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानात विमान पडल्यापासून बेपत्ता आहेत. इतर कुटुंबीयांबरोबर त्या पाकिस्तानातले तुरुंग पाहून आल्या होत्या, छत्तीस वर्षांनंतर. काकीनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “तिले पाहाले तुरुंग तरी हाय. मी कुठं पाहू?”

म्हणून मी तिला दीवला नेलं. समुद्राकाठच्या टेकडीवर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे, तोंड समुद्राकडे. काकीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. “एवढं पाणी?” ती म्हणाली. “आमी तं पैनगंगेएवढंच धरून चाललो होतो.” एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आजीचा सगळा विश्वास त्या नदीच्या मापाचा होता. काकीनं पदराआडून छोटी डबी काढली. बरणीतलंच तूप. वाऱ्यात वात टिकेना, मी दोन्ही हातांचा आडोसा केला. दिवा काही क्षण जळला. तेवढ्यात तिनं हात जोडले, आणि कपाळावरचं कुंकू आपल्या हातानं पुसलं.

मला वाटलं, आता संपलं.

परत आल्यावर त्याच वर्षी मार्गशीर्षात मी स्वयंपाकघरात गेलो, तर बरणी उन्हात वाळत होती आणि चुलीवर लोणी कढत होतं. मी दारातच उभा राहिलो. काकीनं माझ्याकडे पाहिलं.

“थो नाही येत, हे मले समजते बाप्पा,” ती म्हणाली. “पण आला, आन् घरात तूप नसलं तं?”