दोन्ही बाजू उजव्याच!

परवा एकदाचा स्वेटर पूर्ण झाला. बाळाचा. वयाच्या ७४ व्या वर्षी विणलेला माझा पहिला स्वेटर. आजवर माझं विणकाम मफलर आणि कानटोपीच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. पण नातीला दिवस गेल्याचं कळलं आणि मी जाहीर करून टाकलं, "बाळंतविड्यातला स्वेटर माझा!" आयुष्यभर शाळेत शिकवलं की आपल्याला सगळं येतं असा एक समज होऊन बसतो, त्याचा हा परिणाम.

आमच्या जिल्ह्याचं आणि लोकरीचं नातं तसं जुनं. २०२४ मध्ये जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगर घराण्यातला. पण दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीची, ती बाळाच्या अंगाला टोचायची. म्हणून बाजारातून फिकट पिवळी मऊ लोकर आणि दहा नंबरच्या सुया आणल्या.

नमुना समोरून उघडा घेतला. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, गळ्यातून स्वेटर घालायचा म्हणजे त्याला रडवायचंच. अशा स्वेटरला कार्डिगन म्हणतात. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या लढाईत, नीट न समजलेल्या हुकमापायी, ज्याने आपलं घोडदळ तोफांच्या तोंडी नेलं त्या लॉर्ड कार्डिगनवरून हे नाव पडलं. माझं घोडदळही त्याच वाटेने गेलं.

पहिली चूक गणिताची. नमुन्यात १० सेंटिमीटरला २८ टाके होते. पाठ २३ सेंटिमीटर, म्हणून ६४ टाके. आधी छोटा चौकोन विणून टाके मोजा, असं लिहिलं होतं; मी म्हटलं, कशाला वेळ घालवा! माझा हात घट्ट. १० सेंटिमीटरला ३२ टाके बसले आणि पाठ भरली २० सेंटिमीटर. पाठ आणि पुढचा भाग मिळून घेरात ६ सेंटिमीटरची तूट! वर्षानुवर्षं मुलांना त्रैराशिक शिकवणारी बाई मी. उसवलं, आणि नऊ नंबरच्या सुयांवर पुन्हा टाके घातले. यावेळी आधी चौकोन विणून.

दुसरी चूक त्याहून मोठी. पुढचे दोन भाग विणून कौतुकाने जाऊबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते पाठीवर ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, दोन्ही उजवेच केलेस की! डाव्या अंगाला काय घालायचं?" नमुना पुन्हा वाचला. 'दुसरा भाग असाच विणावा, मात्र मुंडा व गळ्याची घट विरुद्ध बाजूस घ्यावी.' मी 'असाच विणावा' इथेच थांबले होते. प्रश्न पूर्ण वाचा, म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये मी किती ओरडले असेन! नुसत्या सुलट टाक्यांची वीण असती तर एक भाग उलटून चालला असता, कारण ती दोन्हीकडून सारखी दिसते. माझी एक ओळ सुलट, एक उलट. पुन्हा उसवणं आलं.

उसवता उसवता एक मुलगी आठवली. १९८४-८५ ची गोष्ट असेल. कार्यानुभवाच्या तासाला तिने मफलर विणून आणला होता, मध्ये दोन-तीन ठिकाणी टाके गळून भोकं पडलेली. मी तो वर्गापुढे धरला आणि म्हटलं, "हे मफलर आहे की चाळण?" वर्ग हसला. मीही हसले. पुढच्या तासाला तिने लोकर आणली नाही, त्या वर्षात पुन्हा कधीच आणली नाही. मी तिला शून्य गुण दिले. गळलेला टाका सुईने ओळीओळीने वर उचलून आणता येतो, दोन मिनिटांचं काम. ते मी तिला दाखवलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते येत नव्हतं.

शेवटी जोडणी. बाही एका टोकाकडून शिवत गेले, तर दुसऱ्या टोकाला दोन बोटं बाही शिल्लक! जाऊबाईंनी शिकवलं: बाहीचा मध्य आधी खांद्याच्या शिवणीला टाचायचा, मग दोन्हीकडे खाली शिवत जायचं. धागा फार ओढायचा नाही, शिवण ताठ होऊन बाळाला रुतते. आणि लोकरीची टोकं आतून विणीत नीट ओवून टाकायची, नाहीतर बाळाच्या बोटाला गुंडाळली जातात.

आता स्वेटर कपाटात घडी करून ठेवलाय. पौषात बाळ येईल, तेव्हा नगरची थंडी भरात असेल. डाव्या बाहीवर एक टाका अजूनही उलटाचा सुलट झालेला आहे. जाऊबाईंनी तो पाहिला, त्यावरून बोट फिरवलं, आणि काही न बोलता बटणं लावायला घेतली.