खुणेचा प्रश्न

हार्डकोर पंक 1980च्या सुमारास अमेरिकेत घडले; म्हणून मुंबईच्या ‘स्क्राइब’वर अनुकरणाचा आरोप सहज होतो. हार्बर मार्गाने त्यांच्या कार्यक्रमाला निघालेल्या पनवेलच्या एखाद्या रसिकालाही आपली आवड उसनी वाटावी. मात्र त्यांच्या 2010च्या गीतसंग्रहाचे नाव ‘मार्क ऑफ तेजा’ आहे. ‘अंदाज अपना अपना’ (1994) या चित्रपटात जुळ्या भावांपैकी खरा तेजा कोण, हे एका खुणेवरून ओळखायचे असते. अस्सल आणि नक्कल हा समीक्षेचा गंभीर प्रश्न वादकांनी शीर्षकातच हसण्यावारी नेला आहे. गायनाच्या आरोळीत शब्द हरवतात. ही थट्टा हरवत नाही. परदेशी जाणकाराला ती समजावून द्यावी लागेल, पनवेलच्या रसिकाला नाही. उसनवारी तिथे फिटते.