मार्क नसलेली तीन वर्षं

हॅरो, लंडन
६ जुलै २०२५

चि. छकुलीस,


तुझा मेल मिळाला. घर, थंडी, भाजीपाला यांवर चार ओळी आणि लेकाच्या शाळेवर दोन पानं! सिलॅबस कुठला, पुस्तकं आधी मिळतील का, युनिट टेस्ट किती, ट्यूशन कधी लावायची. जावईबापूंच्या लंडनच्या बदलीपेक्षा तुला याचीच काळजी जास्त दिसते. मी इथे एका सेकंडरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, म्हणजे दिवसभर वर्गात मुलांच्या शेजारी बसून असते. तिथून जे दिसतं ते लिहिते. शाळेच्या वेबसाइटवरचं तू वाचशीलच.

आधी वर्गाचं. त्याचा जन्म फेब्रुवारी २०१४चा, म्हणजे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या इथल्या हिशोबात तो सप्टेंबरला इयर सेव्हनमध्ये बसणार. पाचवीला वर्गात कितवा आला होता, हे कोणी विचारणार नाही. वर्ग वयावरून ठरतो आणि वर चढणंही वयावरूनच. तू ‘मिडल स्कूल’ लिहिलं आहेस. हॅरोत खरोखरच तशा शाळा होत्या, मुलं बाराव्या वर्षी हायस्कूलला जायची. २०१० साली ती पद्धत बंद झाली. नॉर्थंबरलंड, बेडफर्डशर अशा भागांत थोड्या अजून आहेत. हॅरोत आता अकराव्या वर्षी प्रायमरी संपली की थेट सेकंडरी. त्यासाठीचे अर्ज आदल्या ३१ ऑक्टोबरला बंद होतात आणि १ मार्चला शाळा कळते, त्यामुळे तुमचा अर्ज उशिराचाच धरला जाईल. घराचा पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी काउन्सिलकडे अर्ज कर. जिथे जागा रिकामी, तिथे घेतील. आणि हे सगळं इंग्लंडचं बरं का; स्कॉटलंड, वेल्सचं गणित वेगळं.

इयर सेव्हन, एट, नाइन या तीन वर्षांना ‘की स्टेज थ्री’ म्हणतात. इंग्लिश, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, एक परकी भाषा, कॉम्प्युटिंग, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, चित्रकला, संगीत, पीई, नागरिकशास्त्र, शिवाय धर्मांचा अभ्यास. नॅशनल करिक्युलम १९८८च्या कायद्याने आला, सध्याचा २०१४ पासूनचा. गंमत अशी की अकॅडमी म्हणवणाऱ्या शाळांना तो जसाच्या तसा पाळण्याचं बंधन नाही, आणि सेकंडरी शाळांतल्या बहुतेक आता अकॅडमीच आहेत. तेव्हा बालभारतीसारखं एकच पुस्तक साऱ्या राज्याला, हे डोक्यातून काढून टाक. पुस्तक घरी येतच नाही म्हटलं तरी चालेल. येतो तो एका पानाचा ‘नॉलेज ऑर्गनायझर’: धड्यातले शब्द, तारखा, व्याख्या. तो पाठ करायचा. म्हणजे इथे पाठांतर नाही, असं जे आपल्याकडे कौतुकाने सांगतात तेही पूर्ण खरं नाही.

इतिहासाचा तुला धक्का बसेल. तुझा मुलगा चौथीला वर्षभर शिवाजी महाराज शिकून येतोय. इथला मुख्य धागा १०६६च्या नॉर्मन स्वारीपासून सुरू होतो. जगाच्या इतिहासातला एखादा विषय घ्यायचा असतो, त्याच्या उदाहरणांत ‘मुघल इंडिया, १५२६ ते १८५७’ छापलेलं आहे. शाळेने तो घेतला तर पोरगा हात वर करून रायगडाबद्दल सांगेलच. सांगू दे. इंग्लिशमध्ये तीन वर्षांत शेक्सपिअरची दोन नाटकं व्हावीत अशी अपेक्षा असते. इथे नवनीतच्या गाइडसारखी सीजीपीची पुस्तकं मिळतात, पण त्यातलं उत्तर उतरवून भागत नाही. मुद्दा मांड, नाटकातली ओळ पुराव्याला दे, मग त्या ओळीतल्या एखाद्या शब्दाने काय साधलं ते स्वतःच्या भाषेत लिही, असा परिच्छेद मागतात. आपली मुलं पहिल्या दोन पायऱ्या झटकन चढतात आणि तिसरीवर थबकतात. त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. स्वतःचं मत वहीत लिहायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता मार्कांचं. चौदाव्या वर्षी पूर्वी देशभर परीक्षा व्हायची. २००८ साली तपासणीचा मोठा घोळ झाला आणि त्याच वर्षी ती गुंडाळली. त्यामुळे प्रायमरीच्या शेवटी, इयर सिक्सला होणाऱ्या सॅट्स परीक्षेनंतर थेट सोळाव्या वर्षीची जीसीएसई. मध्ये सरकारी परीक्षा एकही नाही. शाळा आपापल्या चाचण्या घेतात, पण रिपोर्टमध्ये टक्के आणि नंबर शोधशील तर बहुधा सापडणार नाही. ‘अपेक्षेइतकी प्रगती’, ‘अॅटिट्यूड टू लर्निंग’ असं काहीतरी असेल. आपले आईबाप हा रिपोर्ट हातात धरून पॅरेंट्स इव्हनिंगला विचारतात, “बट व्हॉट इज हिज रँक?” शिक्षिका गोंधळते, आईबाप नाराज होतात, आणि पुढच्या आठवड्यात पोरगा कुमॉनच्या ट्यूशनला जायला लागतो. मला विचारशील तर मार्क नसलेली ही तीन वर्षं म्हणजे या पद्धतीतली सगळ्यांत चांगली गोष्ट. ती ट्यूशनने बुजवू नकोस.

मग मुलांकडून अपेक्षा तरी कसली? तर बारीकसारीक गोष्टींची, रोज, न चुकता. दाराशी रांग. आत गेलं की फळ्यावर ‘डू नाऊ’ लिहिलेलं असतं, बाई हजेरी घेईपर्यंत ते मुकाट्याने सोडवायचं. तारीख आणि शीर्षक लिहून पट्टीने अधोरेखित. लिहायला काळं किंवा निळं पेन, आकृतीला पेन्सिल, आणि स्वतःच्या चुका सुधारायला हिरवं पेन. काही शाळांत ते जांभळं असतं. पेन विसरला की एक बिहेवियर पॉइंट, गृहपाठ राहिला की आणखी एक, ठरावीक आकडा झाला की डिटेन्शन. हे सगळं त्याच दिवशी तुझ्या फोनवरच्या अॅपमध्ये दिसतं. आपल्या लोकांचं इथेच बिनसतं. ‘पोरगा गणितात एवढा हुशार आणि तुम्ही पट्टीसाठी शिक्षा देता?’ असे लांबलचक मेल मी पाहिले आहेत. शाळेच्या लेखी ते दोन निरनिराळे हिशोब आहेत; हुशारी एका रकान्यात, पट्टी दुसऱ्या. पट्टीचा मेल पाठवू नकोस. पट्टी दे.

उलट पॉइंट आला म्हणून घरी रामायणही नको. तो पोराच्या स्वभावावरचा शेरा नसतो. २०११च्या कायद्यापासून डिटेन्शनसाठी पालकांना २४ तास आधी कळवण्याची सक्ती राहिलेली नाही, संमतीही लागत नाही. तेव्हा एखाद्या दिवशी उशिरा घरी आला तर घाबरू नकोस. हात मात्र कोणी लावणार नाही. सरकारी शाळांतली छडी १९८७ साली कायद्याने गेली. फोन दिवसभर बंद. फेब्रुवारी २०२४ पासून तशी सरकारी सूचनाच आहे.

या शिस्तीतलं सगळंच मला पटतं असं नाही. पोराला दिवसभर एका खोलीत एकटं बसवायची ‘आयसोलेशन’ नावाची पद्धत आहे. तिने सुधारलेलं मूल मी क्वचित पाहिलं. आमच्या जवळच वेम्बलीत मायकेला नावाची शाळा आहे, २०१४ साली निघालेली. तिथे वर्ग बदलताना मुलं एक शब्द बोलत नाहीत आणि दुपारचं जेवण सगळ्यांना शाकाहारी, कुठल्याही धर्माचं मूल कुठेही बसून जेवू शकावं म्हणून. निकाल उत्तम लागतात, बघायला लांबून लोक येतात. मला ते जेवणाचं आवडलं. मुक्याने चालणं नाही आवडलं. अकरा वर्षांच्या मुलांनी दोन तासांच्या मध्ये थोडं खिदळावं.

गृहपाठाबद्दल विचारलंस. १९९८ साली सरकारने किती मिनिटं द्यावा याची सूचना काढली होती, ती २०१२ साली रद्द झाली. आता ज्याची त्याची मर्जी. गणिताचा बऱ्याच ठिकाणी ‘स्पार्क्स’ नावाच्या सॉफ्टवेअरवर असतो. तुझ्या लेकाची खरी कसोटी तिथे आहे. प्रत्येक प्रश्नाला एक छोटा कोड असतो. तो वहीत लिहून त्यापुढे रीत आणि उत्तर उतरवायचं. मग मध्येच संगणक विचारतो, अमुक कोडचं तुझं उत्तर काय होतं? तोंडी सोडवून पुढे पळालेला तिथे अडकतो. आपल्याकडची मुलं पाढ्यांच्या जोरावर तोंडी सोडवतात, रीत लिहायचा कंटाळा करतात, आणि मग आई शाळेला सांगते की सॉफ्टवेअर खराब आहे.

आणि हो, स्वयंपाक. तुला वाटेल चेष्टा करतेय, पण चौदाव्या वर्षापर्यंत तो अभ्यासक्रमात आहे, मुलामुलींना सारखाच. सामान घरून डब्यात न्यायचं. खिमा असेल तर तू सोयाचा दे, कोणी काही म्हणत नाही. गेल्या टर्ममध्ये आपल्याच एका घरून कांदा बारीक चिरून, गाजर किसून, वर झाकण घट्ट लावून आलं होतं. बाईंनी डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा धडाच कांदा चिरण्याचा होता: बोटांची कमान करून मधून सुरी घालायची ती ‘ब्रिज’ पकड, आणि बोटं आत वळवून धरायची ती ‘क्लॉ’. बिचारा शेजाऱ्याचा अर्धा कांदा घेऊन शिकला. आपल्या प्रेमाची ही अडचण आहे बघ. दप्तर आपण भरतो, प्रोजेक्ट आपण करतो, कांदाही आपणच चिरतो, आणि इथे नेमके तेच गुण मोजतात. सप्टेंबरपर्यंत त्याला स्वतःचं दप्तर स्वतः भरायची सवय लाव. इंग्लिश नंतर सुधारेल.

सुट्ट्यांचं जावईबापूंना नीट सांग. टर्म चालू असताना ‘आजी आजारी’ म्हणून पुण्याला दोन आठवडे, हे चालायचं नाही. विनापरवानगी पाच दिवस झाले की दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो ८० पौंड आहे, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. आणि तो दर मुलामागे दर पालकाला, म्हणजे तुला वेगळा, त्यांना वेगळा. दिवाळीला एक दिवस धार्मिक कारणासाठी रीतसर मागता येतो, तो मागच. गणपतीला मात्र इथल्याच मंडळात जायचं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आमच्यापासून फार लांब नाही.

शेवटचं एक. आपल्या मुलांना कळलं नाही की ती मान डोलावतात. बाईंना वाटतं कळलं, तास पुढे जातो. इथे हात वर न करताही कोणाचंही नाव पुकारून विचारतात. तेव्हा “आय डोन्ट गेट इट, मिस” हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घे, रोज, तू आणि जावईबापू दोघांनीही. त्यावर कोणी हसत नाही आणि पॉइंटही येत नाही.

तुझी,
मावशी

ता. क. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं हातातल्या बॅगेत ठेव. कॅल्क्युलेटर तिकडून घेऊ नकोस; शाळा सांगेल तोच इथे घ्यायचा.