गोठ्यातलं आजारपण

कुत्र्याचं नाक बंद झालं की त्याचं जेवण बंद होतं. सर्दी झालेला माणूस ताट समोर आलं की चव नसली तरी चार घास ढकलतो. कुत्रं तसं करत नाही. वास आला नाही तर समोर ठेवलेलं त्याच्या लेखी अन्नच नसतं. म्हणून डिस्टेम्पर झालेलं कुत्रं माझ्याकडे सांभाळायला आलं, की औषधांची पिशवी सोडायच्या आधी मी कोमट पाण्यात मीठ घालून कापूस घेऊन बसते. नाकपुड्यांवर पिवळा शेंबूड वाळून खपली धरलेली असते, डोळ्यांच्या कोपऱ्यांतही तेच. खपली ओढायची नाही. ओला बोळा तिच्यावर नुसता धरून ठेवायचा, ती आपणहून सुटेपर्यंत. डोळा पुसायचा तो नाकाकडून बाहेरच्या बाजूला, आणि दर वेळी नव्या बोळ्याने. मग मऊ भातात उकडलेलं अंडं कुस्करायचं, बोटाला ऊन लागेल इतपत गरम करायचं आणि तोंडापुढे धरायचं. गार अन्नाला वास कमी. पुष्कळदा यानंतर नाकाचा शेंडा हलतो, कान किंचित पुढे येतात आणि जीभ बाहेर येते. एक घास गेला की पुढचा दिवस मिळतो.

मी पशुवैद्यक नाही. बाभुळगावात राहते, घरामागे गोठा आहे, आणि बैलजोडी विकून वखरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेल्यापासून तो रिकामा आहे. धामणगावहून यवतमाळला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. त्या रस्त्याच्या कडेला, बसस्टँडवर, बाजार उठल्यावर मागे राहिलेल्या भाजीच्या ढिगाजवळ अशी कुत्री सापडतात. पोट्टे दुचाकीवर पोत्यात घालून आणतात आणि म्हणतात, "ताई, दोन रोज ठेवा न गोठ्यात." दोन रोज म्हणजे किती, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही.

आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, असं कुत्रं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुपट्टा नाकाला लावून ते म्हणाले, "हे तं बुळकांडीवानी दिसते वो." डोळ्यांत पू, नाकात शेंबूड, मागून पातळ संडास, अंगात ताप. लहानपणी याच गोठ्यात त्यांनी बैल असे जाताना पाहिले होते. विषाणू वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण नेम बरोबर बसला. बुळकांडी, कुत्र्याचा डिस्टेम्पर आणि लेकरांचा गोवर हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले. त्यांतली बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला तो दुसराच रोग. डिस्टेम्पर मात्र गावोगाव सुखाने नांदतो आहे.

त्याच्या विषाणूवर थेट मारा करणारं औषध नाही. डॉक्टर देतात ते बाकीच्या गोष्टींसाठी असतं: फुफ्फुसात दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, उलटी थांबायला सुई, पाणी कमी झालं तर सलाईन, झटके आले तर फिटची गोळी. लढाई कुत्र्याच्या शरीरालाच लढायची असते. आपण फक्त त्याला वेळ मिळवून द्यायचा. मोठ्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मी जातात, पिल्लांत त्याहून बरीच जास्त. हे आकडे मनाशी ठेवूनच गोठ्याचं दार उघडावं लागतं. दार उघडताना ज्यांच्या डोळ्यांत आधीच पाणी येतं, त्यांना मी शक्यतो या कामाला बसवत नाही. ज्याला खपली भिजेपर्यंत बोळा धरून बसता येतं, तो माणूस मला हवा असतो.

पण त्याही आधी रेबीज. गोठ्यात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याकडे मी पहिल्यांदा त्याच नजरेने पाहते. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावून चावणारं, अशी आपली समजूत. मुक्या रेबीजमध्ये ते कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. बघणारा म्हणतो, घशात हाड अडकलं, आणि हाड काढायला हात घालतो. डिस्टेम्पर डोक्यात चढल्यावरही लाळ गळते, जबडा चावल्यासारखा चालतो. दोन्हींतला फरक नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. म्हणून गळ्यात दावं, मध्ये लोखंडी जाळी, हातात रबरी मोजे, आणि लाळ गळत असेल तर कोणीही तोंडाजवळ जायचं नाही. मी स्वतः कुत्रं चावायच्या आधीच घ्यायच्या सुया घेतल्या आहेत: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. तरीही चावा बसलाच तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठावाच लागतो. घरातल्या ज्यांनी सुया घेतल्या नाहीत, त्यांना गोठा बंद. यात मामाजीही आले. ते अंगणातल्या खाटेवरून सल्ले देतात.

सल्ल्यांना तोटा नसतोच. कोणी हळद सांगतं, कोणी शेपटीचं टोक कापायला सांगतं, कोणी घरातली तापाची गोळी अर्धी करून द्यायला. माणसाच्या तापा-दुखीच्या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला आणि किडनीला महागात पडतात, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता गल्लीतली पोरंच परस्पर सांगतात. जेवणाच्या बाबतीत तर विचारूच नका. कुत्रं अशक्त झालं म्हणून लोक प्रेमाने सावजीचा रस्सा आणून ओततात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, आणि वर ते तेल नि तिखट. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले ती गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. महाराजांचं कुत्रं धडधाकट होतं, पोळी घेऊन पळत होतं. माझ्याकडच्यांना तूप चालत नाही. त्यांना भात, अंडं, मुगाच्या डाळीचं पाणी, कोंबडीचा बिनकांद्याचा, बिनमसाल्याचा रस्सा. खातच नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. डोकं वर उचलून ओतलं की ते फुफ्फुसात उतरतं, आणि मग डिस्टेम्परऐवजी आपल्या हातच्या न्यूमोनियाने कुत्रं मरतं.

खाली कुटार घालत नाही. सोयाबीनच्या कुटाराची धूळ उडते आणि आधीच भरलेल्या छातीला ती नको. रिकामी पोती, वर जुनी गोधडी, ओली झाली की बदलायची. गोठ्याला कवेलू आहेत. थंडीत त्यांच्या फटींतून वारा येतो म्हणून गव्हाणीच्या बाजूला ताडपत्री बांधते. नाक ओलं म्हणजे कुत्रं बरं, या समजुतीवर मी विसंबत नाही. थर्मामीटरला व्हॅसलिन लावून शेपटीखाली घालायचं आणि १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आत आहे का ते पाहायचं. एका वहीत ताप, जेवण, पाणी, लघवी, संडास, झटका आणि वेळ. त्या वहीत मी दुसरं काही लिहीत नाही. झटका आला तर वहीपेक्षा मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांच्या जास्त कामाचा; आपण "थरथरत होतं" म्हणतो त्याचे दहा अर्थ होतात.

डिस्टेम्परचा विषाणू तसा नाजूक आहे. साबणाने मरतो, उन्हात टिकत नाही, आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हात तर त्याचं काही चालत नाही. पार्वो या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूचं तसं नाही. तो जमिनीत महिनोन्‌महिने राहतो, साबणाला दाद देत नाही, त्याला ब्लीचिंगचंच पाणी लागतं. म्हणून पार्वोचं पिल्लू गोठ्यात राहून गेलं असेल, तर नंतर कितीतरी दिवस मी दुसरं बिनलसीचं पिल्लू घेत नाही. पोट्टे रागावतात. "जागा तं रिकामी हाये न ताई!" जागा रिकामी दिसते, रिकामी नसते. या कामात सगळ्यात अवघड काही असेल, तर ते दारात आलेल्या पोत्याला नाही म्हणणं आहे. एकाची कीव करून चौघांना लागण द्यायची, याला मी दया म्हणत नाही.

डिस्टेम्परची खरी क्रूरता मधल्या दिवसांत आहे. ताप उतरतो. नाक मोकळं होतं. कुत्रं शेपूट हलवतं, भाकरी मागतं, पोट्टे फोटो काढतात. आणि दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या रात्री जबडा चावायला लागतो, किंवा एक पाय ठेक्यात उडायला लागतो, झोपेतसुद्धा. पंजाच्या गाद्या कडक झाल्या असतील तर मला जास्त भीती वाटते. म्हणून "बरं झालं" हा शब्द मी फार उशिरा वापरते.

झटके गोळ्यांनी थांबेनासे झाले, उठता येईना, गिळता येईना, तर मी डॉक्टरांना बोलावते आणि शेवटची सुई द्यायला सांगते. गावात हे पटत नाही. "देवानं दिलेला जीव आपन काऊन घ्यावा?" असं विचारणारे वाईट नसतात. पण सुटका नसलेल्या जनावराचे हाल संपवण्याला १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातही जागा आहे. त्या वेळी मी गोठ्यात असते. वही पुढ्यात ठेवून निर्णय घेतलेला असतो. तीन दिवसांच्या नोंदी कोरड्या असतात, त्यामुळे स्वतःची समजूत घालायला जागा उरत नाही. नुसता पाय उडतो म्हणून मात्र मी कोणाला सुई देऊ देणार नाही. तसा पाय घेऊन कुत्री वर्षानुवर्षं जगतात. लहानपणी हा रोग होऊन वाचलेलं कुत्रं त्याच्या दातांवरून ओळखू येतं: वरचा चकचकीत थर जागोजागी गेलेला, तपकिरी खड्डे. बाजारात एखादं कुत्रं जांभई देतं आणि मला त्याचं बालपण दिसतं.

हे सगळं एका कुत्र्यापुरतं राहत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथले एक तृतीयांश, याच रोगाने गेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये २३ सिंह मेले, तेव्हा तिथेही हा विषाणू सापडला. आमच्याच जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे. २०१९ मध्ये तिथून निघालेला 'वॉकर' नावाचा वाघ शेतं-शिवारं तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. वाटेवरच्या प्रत्येक गावात कुत्री आहेत. गावातल्या कुत्र्यांना लस टोचायची मोहीम निघते ती बहुतेक रेबीजची असते आणि ती हवीच. डिस्टेम्परची लस ज्याची त्याने टोचायची: पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. खर्च काही शे रुपयांचा. कपाशीच्या एका फवारणीला त्याहून जास्त जातात, आणि तो खर्च करताना कोणी विचारत नाही.

मागच्या हंगामात गोठ्यातून वाचलेल्या एका तांबड्या कुत्र्याला न्यायला बेंबळा धरणाकडचा एक शेतकरी आला. तुरीत रोही आणि रानडुकरं घुसतात, त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. बराच वेळ तो त्या मागच्या पायाकडे पाहत उभा राहिला.

"पाय काऊन झटकते वो ताई ह्याचा?"

"आजारात नस बिघडली. आता असाच राहील."

"भुंकते न?"

"भुंकतो. रात्री जरा जास्तच."

"मंग द्या. मले काय त्याले वखराले जुपाचं हाये?"

मी दिलं नाही. बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या अंगातूनही हा विषाणू पुढे कित्येक आठवडे बाहेर पडू शकतो, आणि त्याच्या वाडीत आधीची दोन कुत्री होती, एकालाही सुई ठाऊक नाही. आधी त्या दोघांना टोचा, लस अंगी लागू द्या, मग न्या, असं सांगितलं. तो कुरकुरला, सोयाबीनचा भाव सांगितला, धरणाचं पाणी सांगितलं आणि गेला. तो परत येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या बाजाराला दोघांना ऑटोत घालून आला. एकाला टोचून झालं. दुसरं दावं तोडून बाजारात शिरलं, आणि अर्धा बाजार त्याच्या मागे. दुपारी मटणाच्या दुकानामागे सापडलं. त्यालाही टोचलं.