भाड्याची खोली आणि अब्बांची वही

आपल्याकडे नोकरदार माणूस निवृत्त झाला की फंडाच्या पैशाचे काय करायचे, यावर घरात फार दिवस चर्चा चालत नाही. बँकेत मुदत ठेव ठेवावी तर सूद. शेअर बाजार कळत नाही. धंदा उभा करण्याचे वय उरलेले नसते. मग राहते खोली. खोली घ्यावी, भाड्याने द्यावी. महिन्याच्या महिन्याला हलाल पैसा घरात येतो, आणि खोलीची किंमतही वाढत राहते. आमचे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झाले आणि २०१२ मध्ये त्यांनीही हेच केले. मुंब्र्यात, कौशाच्या बाजूला, आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवर वन रूम किचन घेतले. १४ लाख रुपये रोख, कर्ज एक पैशाचे नाही.

अब्बांची नजर कमी झाली तसा त्या खोलीचा हिशेब आमच्याकडे आला. वही मात्र त्यांचीच, सुबक उर्दू अक्षरातली. पहिल्या पानावर भाडे ४,५००, सोसायटीचा मेंटेनन्स महिना ६००, घरपट्टी वर्षाची १,८००. म्हणजे वर्षाअखेर हातात ४५,०००. शेवटचे पान २०२५ चे. भाडे ८,०००, मेंटेनन्स १,८००, घरपट्टी ५,०००. हातात ६९,४००. भाडे पावणेदोन पटीच्या पुढे गेले, मेंटेनन्स तिप्पट झाला.

योगायोग असा की सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांकही २०१२ हे वर्ष १०० धरून मोजला जात होता. २०२५ मध्ये तो १९० च्या पुढे होता. वर्गात आम्ही शेकडेवारी शिकवतो, म्हणून हे गणित करायला वेळ लागला नाही. अब्बांच्या पहिल्या वर्षाच्या ४५,००० ची बरोबरी करायची तर आता निदान ८५,५०० हातात यायला हवेत. येतात त्यापेक्षा सोळा हजारांनी कमी. मधल्या काळात गच्चीच्या गळतीसाठी आणि रंगासाठी सोसायटीने प्रत्येक घरामागे ४५,००० काढले, ते यात धरलेले नाहीत. पंपाची मोटर दोनदा जळली, तेही नाही.

कोणी म्हणेल, खोलीची किंमत वाढली ना? वाढली. विकायची ठरवली तर कराचाही मार्ग आहे: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई धरून २० टक्के किंवा न धरता १२.५ टक्के, यातला जो कर कमी पडेल तो भरता येतो. पण अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या भाड्यातून येतात. त्यासाठी भिंतीतली एकेक वीट विकता येत नाही.

मग भाडे वाढवा, हा सरळ उपाय. इथेच आमची गाडी अडते. मालकाचा खर्च किती वाढला, यावर भाडे ठरत नाही. भाडेकरूच्या खिशात किती उरते, यावर ठरते. शेजारच्या इमारतीतल्या एकाने कर्ज काढून खोली घेतली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा त्याचा हप्ता वाढला आणि त्याने भाडेकरूला दीड हजार जास्त मागितले. भाडेकरू गेला. खोली तीन महिने रिकामी राहिली आणि शेवटी जुन्याच भाड्यात गेली, वर एजंटची एक महिन्याची दलाली.

आमचा भाडेकरू शिलाई कारीगर आहे. नगावर मजुरी. नव्या करारात दहा टक्के वाढ धरली होती, म्हणजे ८,८००. तो अब्बांसमोर बसून एवढेच म्हणाला, "अब्बाजी, पीस का रेट तो वही है।" त्याची मोठी मुलगी आमच्याच शाळेत दहावीला आहे. सकाळी तिची हजेरी घेणारे आम्ही, आणि महिन्याच्या पाच तारखेला तिच्या बापाकडून भाडे घेणारेही आम्हीच. परवडले नाही तर तो भिवंडीकडे सरकेल, आणि मुलीची शाळा मध्येच सुटेल. शहरातल्या दुसऱ्या भागात त्याने खोली मागितली तर नाव ऐकून ती 'कालच गेलेली' असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९९२-९३ नंतर मुंबईतून लोक इथे आले ते काही हवा बदलायला नव्हे. त्यामुळे मुंब्र्यातल्या मालकाला भाडेकरू कधी कमी पडत नाहीत. हे आमच्या फायद्याचे आहे, आणि म्हणूनच बोचते.

एजंटने मधला मार्ग सुचवला: हेवी डिपॉझिट. चार लाख एकदम घ्या, भाडे घेऊ नका, दोन वर्षांनी चार लाख परत द्या. ऐकायला गोड आहे. पण दोन वर्षांनी परत मिळालेल्या चार लाखांत पहिल्याइतके सामान येत नाही. तेवढे नुकसान भाडेकरूचे, मालकाच्या मात्र ते वहीतही चढत नाही. मालकाने ते पैसे बँकेत ठेवावेत तर पुन्हा सूद. खर्च करावेत तर जुन्याचे पैसे फेडायला नवा भाडेकरू शोधायचा. उलेमांपैकी अनेकजण याला कर्जावर घेतलेला फायदाच मानतात. अब्बांनी एजंटला चहा पाजून वाटेला लावले.

याच्या उलट टोकही पाहिले आहे. डोंगरीत आमच्या चाचांची पागडीची खोली. १९४७ च्या भाडे कायद्याने तिथली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे अवास्तव ठरवले आणि ३१ मार्च २००० पासून नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात भाडे काही रुपयांचे, त्याचे ४ टक्के ते किती! मालकाने दुरुस्तीचे नाव टाकले. चाचांच्या जिन्याला आज लाकडी टेकू आहेत आणि पावसाळ्यात चाची मुलांना भिंतीपासून लांब झोपवतात. मालकाच्या हातात काही उरले नाही की आधी दुरुस्ती थांबते, आणि छत असते भाडेकरूच्या डोक्यावर. आमच्या खोलीतही न्हाणीघराच्या वरचा प्लास्टर फुगला आहे. गवंड्याने १८,००० सांगितले.

शेवटी करार ८,३०० वर झाला. प्लास्टरचे काम कारीगराच्या ओळखीचा गवंडी १३,००० त करून देणार आहे, सिमेंट आम्ही आणायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढी गोणीमागे सवलत. नोंदणीच्या दिवशी अब्बांनी वही मागून घेतली आणि ८,३०० चा आकडा स्वतः लिहिला, अक्षर थोडे ओळीबाहेर गेले. अकरा महिन्यांनी पुन्हा बसायचे आहे. तोवर मुलीची दहावी झालेली असेल.